ब्रुकलंड्स : मोटारींचा रस्ता आणि विमानांचें मैदान

लंडनच्या वॉटर्लू स्थानकांतून निघालेली आगगाडी नैर्ऋत्येस सुमारें वीस मैल गेली म्हणजे सरे परगण्यांतील वेब्रिज हें स्थानक लागतें. त्याच्या पुढें लोहमार्गाच्या लगत एक सखल मैदान पसरलेलें आहे. आज तेथें कचेऱ्या, दुकानें आणि मोटारी उभ्या करण्याच्या जागा दिसतात. पण १९०७ पासून १९३९ पर्यंत याच ठिकाणीं सिमेंटचा शंभर फूट रुंदीचा रस्ता रुळांना समांतर धांवत होता, आणि त्यावरील मोटारी शेजारून जाणाऱ्या मेलगाडीस हां हां म्हणतां मागें टाकीत. रस्त्याच्या या भागास ‘रेल्वे स्ट्रेट’ असेंच नांव पडलें होतें. हें ठिकाण म्हणजे ब्रुकलंड्स. कललेल्या वळणांचा, केवळ मोटारींच्या शर्यतींसाठीं बांधलेला जगांतील पहिला रस्ता तो हाच. आणि त्याच्याच पोटांत पुढें इंग्लंडांतील विमानविद्येचें एक मुख्य पीठ वसलें. दोघांपैकीं एकानें दुसऱ्यास गिळलें, ही त्या जागेची खरी कथा आहे.

असा रस्ता खासगी जमिनीवर बांधण्याची वेळ यावी याचें कारण इंग्लंडच्या कायद्यांत होतें. १९०३ च्या मोटार कायद्यानें सार्वजनिक रस्त्यावरील वेगाची मर्यादा ताशी २० मैल ठरविली होती, आणि शर्यतीसाठीं रस्ते बंद करण्यास पार्लमेंट राजी नव्हतें. फ्रान्स व इटली या देशांत गांवोगांवचे रस्ते अडवून शर्यती होत. तेथील कारखानदारांस आपल्या गाड्यांची परीक्षा पाहण्याची सोय आयतीच मिळे. वेब्रिजचे जमीनदार ह्यू लॉक किंग यांनीं इटलींतील ब्रेशिया येथील शर्यती पाहिल्या आणि तींत इंग्रजी गाड्यांचा मागमूस नाहीं हें त्यांच्या मनास लागलें. परत आल्यावर त्यांनीं स्वतःच्या मळ्यांतून व रानांतून रस्ता काढण्याचें ठरविलें. आधीं कल्पना साध्या सपाट रस्त्याची होती. परंतु तोफखान्याचे कर्नल होल्डन यांचा सल्ला घेतला गेला, आणि त्यांनीं गणित मांडून दाखविलें कीं, गाड्या वेगानें वळावयाच्या असतील तर वळणावरचा रस्ता आंतल्या बाजूस कलता हवा. या एका सल्ल्यानें खर्च अनेक पटींनीं वाढला. १९०६ च्या उत्तरार्धांत काम सुरू झालें. शेंकडों मजूर व वाफेचीं खोदयंत्रें रात्रंदिवस राबलीं. आणि १७ जून १९०७ रोजीं रस्ता खुला झाला. खर्चाचा आंकडा दीड लाख पौंडांवर गेला होता.

ही सारी रक्कम एका कुटुंबाची होती. लॉक किंग यांची प्रकृति त्या ओझ्याखालीं ढांसळली, आणि व्यवहाराचीं सूत्रें त्यांच्या पत्नी एथेल यांना हातीं घ्यावीं लागलीं. उद्घाटनाच्या दिवशीं मिरवणुकींतील पुढची गाडी एथेलबाईंनीं चालविली व पति शेजारीं बसून होते. पुढच्या वीस वर्षांचा हिशेब पाहिला तर हें चित्र केवळ शोभेचें नव्हतें असेंच म्हणावें लागतें.

रस्त्याची आकृति अंड्यासारखी, पण एका अंगास किंचित् दबलेली. उत्तरेस ‘मेंबर्स बँकिंग’ हा आंखूड व तीव्र वळणाचा बांध, दक्षिणेस ‘बायफ्लीट बँकिंग’ हा अधिक ऐसपैस वळणाचा बांध. आणि त्यांना जोडणारा पश्चिमेकडील भाग म्हणजे वर उल्लेखिलेला रेल्वे स्ट्रेट. पूर्वेच्या अंगास, जेथें बायफ्लीटचा बांध संपे, तेथें रस्त्याला फांटा फुटे. या जागेस ‘फोर्क’ म्हणत. तेथून एक सरळ पट्टा थेट उत्तरेकडे, प्रेक्षकांच्या समोरून जाई. त्याचें नांव ‘फिनिशिंग स्ट्रेट’. बाहेरचें चक्र पावणेतीन मैलांहून थोडें अधिक भरे, आणि हा पट्टा धरून एकंदर लांबी सव्वातीन मैल. गाड्या घड्याळाच्या कांट्याच्या उलट दिशेनें धांवत. बांधांची उंची जवळजवळ तीस फूट होती, आणि त्यांची घडण नुसत्या उताराची नसून ताटलीच्या कडेसारखी होती : खालीं जवळजवळ सपाट, वर जावें तों अधिक उभी. हळू चालणारी गाडी खालून जाई, वेगवान् गाडी आपोआप वर चढे. सुमारें ताशी १२० मैल वेगापर्यंत चक्रावर फारसा जोर न देतां गाडी वळावी, असा होल्डन यांचा हिशेब होता. ज्या काळीं शंभर मैलांचा वेग म्हणजे परमावधि वाटे, त्या काळीं हा हिशेब उदारच म्हटला पाहिजे.

दोष राहिला तो पायांत. एवढ्या उभ्या उतारावर डांबरी रस्ता करणें त्या काळीं साधण्यासारखें नव्हतें, म्हणून नव्यानेंच रचलेल्या मातीच्या भरावावर सुमारें अर्धा फूट जाडीचा काँक्रीटचा थर टाकण्यांत आला. माती बसत गेली आणि थराला भेगा व खड्डे पडले. दर हिवाळ्यांत ठिगळें लावावीं लागत. त्यांतच मेंबर्स बांधाचा कांहीं भाग वे नदीवरील पुलावरून गेला होता. पूल आपल्या खांबांवर स्थिर राहिला व दोन्ही बाजूंचा भराव मात्र खचला. परिणामीं तेथें एक उंचवटा झाला आणि वेगांतील गाडीचीं चारही चाकें क्षणभर हवेंत उचललीं जाऊं लागलीं. या उड्यांचीं छायाचित्रें पुढें ब्रुकलंड्सची खूणच होऊन बसलीं. चालकांच्या पाठीच्या मणक्यांना त्यांचें कौतुक कितपत होतें हा प्रश्न वेगळा.

पहिल्या शर्यती ६ जुलै १९०७ रोजीं झाल्या. मोटारींच्या शर्यती कशा चालवाव्या याचा इंग्लंडांत कोणास अनुभव नव्हता. तेव्हां सगळा थाट घोड्यांच्या शर्यतींवरून उचलला. गाड्यांस क्रमांक नसत. जॉकीप्रमाणें चालक निरनिराळ्या रंगांचे रेशमी झगे घालीत. गाड्या उभ्या राहण्याच्या जागेस ‘पॅडक’ म्हणत, गाड्यांचें वजन होई, सट्टेवाले आपापलीं दुकानें मांडून बसत. रंगांवरून चालक ओळखणें दुरून जमेना, म्हणून लौकरच क्रमांक आले. बाकीचा थाट राहिला. गर्दी थोडी पण माणसें योग्य थरांतलीं, अशी चालकांची जाहिरात असे. आजच्या कानाला ती खटकते. पण घाट्यांत चाललेल्या संस्थेनें गर्दीला नाक मुरडावें यांतला विनोद त्या काळींही कोणाच्या तरी ध्यानांत आला असेल.

शर्यतींच्याही आधीं, २८ व २९ जूनला, एस. एफ. एज यांनीं नेपियर गाडी एकट्यानें सलग चोवीस तास चालवून १,५८१ मैल तोडले. सरासरी वेग ताशी पासष्टांहून अधिक पडला. रात्रीं रस्त्याच्या कडेनें शेंकडों तांबडे कंदील लावले होते. विक्रम झाला, पण शेजारच्या बंगल्यांतील गृहस्थांची झोंप गेली. ते न्यायालयांत गेले आणि रात्रीं गाड्या चालविण्यास कायमची बंदी बसली. लॉक किंग दंपतीच्या डोकेदुखींत खटल्यांची भर पडली. म्हणूनच १९२९ ते १९३१ या सालांतील चोवीस तासांची शर्यत येथें ‘डबल ट्वेल्व्ह’ म्हणून दोन दिवसांत विभागून झाली. मध्यंतरींच्या रात्रीं गाड्या कुलपांत ठेवीत. पुढें प्रत्येक गाडीस आवाज दाबणारा मोठा नळकांड्याचा डबा बसविणेंही सक्तीचें झालें.

पर्सी लँबर्ट यांनीं १५ फेब्रुवारी १९१३ रोजीं टॅल्बट गाडींतून एका तासांत १०३ मैलांहून अधिक अंतर कापलें. तासाला शंभर मैलांची वेस ओलांडणारे ते पहिले. त्याच वर्षाच्या ३१ ऑक्टोबरला, गेलेला विक्रम परत मिळवितांना टायर फुटला आणि ते मरण पावले. १९२६ च्या ऑगस्टमध्यें ब्रिटनची पहिली ग्रां प्री येथेंच झाली. शेवटचा मोठा आंकडा जॉन कॉब यांचा : ७ ऑक्टोबर १९३५, नेपियर-रेल्टन गाडी, एका फेरीचा सरासरी वेग ताशी १४३.४४ मैल. तो कोणी मोडला नाहीं, आणि आतां मोडणेंही शक्य नाहीं.

विमानांचा शिरकाव प्रथम फारच गरिबीचा होता. ए. व्ही. रो यांनीं १९०७-०८ सालीं फिनिशिंग स्ट्रेटच्या कडेस एका लहानशा शेडमध्यें आपलें यंत्र जुळविलें, आणि गाड्या नसतील तेव्हां तें त्या पट्ट्यावर पळवून पाहिलें. व्यवस्थापक त्यांच्यावर प्रसन्न नव्हते. ऑक्टोबर १९०९ मध्यें फ्रेंच वैमानिक पोलाँ यांनीं येथें लोकांस उड्डाण करून दाखविलें, तेव्हां वारें फिरलें. चक्राच्या मधली जमीन साफ करण्यांत आली, बायफ्लीटच्या बाजूस लांकडी शेडांची रांग उभी राहिली आणि ‘विमानांचें खेडें’ वसलें. टॉमस सॉपविथ यांचा उदय येथलाच. हिल्डा ह्यूलेट या १९११ सालीं वैमानिकाचा परवाना मिळविणाऱ्या पहिल्या ब्रिटिश स्त्री. त्यांची विमानशाळाही येथेंच होती. त्याच वर्षी हौशी प्रवाशांस उड्डाणाचीं तिकिटें देण्यासाठीं एक छोटीशी कचेरी उघडली. विमानाच्या तिकिटांची जगांतील पहिली खिडकी ती हीच असें मानतात. ती इमारत अजून उभी आहे.

पहिल्या महायुद्धांत व्हिकर्स कंपनीनें कारखाना थाटला. जून १९१९ मध्यें अल्कॉक व ब्राउन यांनीं अटलांटिक महासागर प्रथमच न थांबतां ओलांडला, तें व्हिमी विमान येथलेंच. त्यानंतर चक्रांत दोन जगें शेजारीं नांदलीं : बाहेर गाड्या, आंत विमानें. ६ नोव्हेंबर १९३५ रोजीं, म्हणजे कॉब यांच्या विक्रमानंतर महिन्याभरांतच, हॉकर कंपनीचें हरिकेन येथून प्रथम उडालें. भारतीय हवाई दलाच्या पहिल्या तुकडीनें १९४४ सालीं इंफाळच्या रणांत वापरलीं तीं विमानें याच जातीचीं. जून १९३६ मध्यें वेलिंग्टन हें बाँबफेकी विमान उडालें. या जातीचीं २,५१५ विमानें युद्ध संपेपर्यंत एकट्या ब्रुकलंड्सनें बांधलीं. ७ ऑगस्ट १९३९ ची शर्यत शेवटची ठरली. ४ सप्टेंबर १९४० रोजीं जर्मन विमानांनीं व्हिकर्सच्या कारखान्यावर बाँब टाकले. ऐंशींहून अधिक कामगार ठार व चारशेंहून अधिक जखमी झाले. शत्रूस चक्राचा पांढरा आकार आकाशांतून ओळखूं येऊं नये म्हणून काँक्रीटवर झाडें लावलीं गेलीं आणि कारखान्याच्या सोयीसाठीं बांधास खिंडारें पाडण्यांत आलीं.

युद्ध संपल्यावर रस्ता डागडुजी करून पुन्हा सुरू होईल अशी पुष्कळांची आशा होती. पण १९४६ च्या जानेवारींत सारी जागा ३,३०,००० पौंडांस व्हिकर्सला विकली गेली. शर्यतींच्या चाहत्यांनीं या विक्रीबद्दल बराच संताप व्यक्त केला आहे. तो समजण्याजोगा असला तरी, तो रस्ता दुरुस्त करण्याइतका पैसा कोणाजवळ होता याचें उत्तर त्या संतापांत सांपडत नाहीं. १९५१ सालीं पक्की धांवपट्टी झाली आणि व्हॅलियंट विमानांना उडतांना अडथळा होऊं नये म्हणून बायफ्लीटच्या बांधाचा एक मोठा तुकडाच कापून काढला. तरीही धांवपट्टी आंखूडच. २९ जून १९६२ रोजीं व्हीसी-१० हें प्रचंड विमान येथून प्रथम उडालें तें थोड्या मैलांवरील विझलीच्या तळावर जाऊन उतरलें. इंडियन एअरलाइन्सनें १९५७ पासून वापरलेल्या व्हायकाउंट विमानांची आखणीही वेब्रिजचीच. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कारखाना बंद झाला.

आतां काय उरलें आहे? मेंबर्स बांधाचा बराच भाग. त्यावर चढून गेल्यास उताराचा खरा अंदाज पायांनाच येतो. मात्र नदीवरील पूल पाडला गेल्यामुळें तेथें चक्र तुटलें आहे. बायफ्लीटच्या बांधाचे लांब तुकडे झाडींत आहेत. टेकडीवर सरळ चढणारी ‘टेस्ट हिल’ ही १९०९ ची चढण शाबूत आहे; तिची लांबी ३५२ फूट, आणि वरच्या टप्प्यांत चारास एक असा चढ. गाड्यांच्या ताकदीची व तितकीच ब्रेकची परीक्षा येथें होई. घुमटाची क्लबाची इमारत आहे, आणि अतिउंचावरील हवेची परीक्षा घेण्यासाठीं बार्न्स वॉलिस यांनीं युद्धानंतर उभारलेला पोलादी कोठा आहे. धांवपट्टीचा कांहीं भाग २००६ सालीं उघडलेल्या एका मोटार कंपनीच्या प्रदर्शनाच्या आवारांत गेला. या सर्वांच्या मधोमध १९९१ पासून संग्रहालय चालूं आहे.

त्या संग्रहालयांत एक वेलिंग्टन आहे. येथेंच बांधलेलें हें विमान १९४० च्या अखेरच्या दिवशीं स्कॉटलंडमधील लॉक नेस सरोवरांत उतरवावें लागलें व बुडालें. पंचेचाळीस वर्षांनीं, सप्टेंबर १९८५ मध्यें, तें वर काढलें. त्याचें कापडी आवरण गेलेलें. आंतली धातूची जाळी, टोपलीच्या विणीसारखी, उघडी पडली आहे. वॉलिस यांची हीच युक्ति : एखादी पट्टी तुटली तरी भार शेजारच्या पट्ट्यांनीं उचलावा.

हें विमान ज्या शेडमध्यें ठेवलें होतें ती युद्धकाळांत, १९४० सालीं, नेमकी फिनिशिंग स्ट्रेटवरच उभारलेली होती. २०१७ सालीं ती उचलून बाजूस नेण्यांत आली, आणि तिच्या जमिनीखालीं जुन्या पट्ट्याचें काँक्रीट निघालें.