‘दुर्मिळ’ या शब्दाचा इतिहास : पियुषिका व परावटू ग्रंथींच्या काही रुग्णकथा

पियुषिका ग्रंथी मेंदूच्या तळाशी असते व आकाराने वाटाण्याएवढी असते. परावटू ग्रंथी गळ्यात अवटू ग्रंथीच्या मागे असून सामान्यतः चार असतात. त्यांच्या असामान्य विकारांना वैद्यकीय लेखनात ‘दुर्मिळ’ हे विशेषण सर्रास लावले जाते. ते विशेषण रोगाचे की नोंदीचे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परावटू ग्रंथीचा इतिहास एका भारतीय गेंड्यापासून सुरू होतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील हा गेंडा १८४९ मध्ये मेला. त्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना ही ग्रंथी प्रथम दिसली. मानवी देहातील तिचे वर्णन ईवार सॅन्डस्ट्रॉम या स्वीडिश वैद्यकीय विद्यार्थ्याने १८८० साली प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकन नौकाकप्तान चार्ल्स मार्टेल यांची हाडे कॅल्शियम गमावून ठिसूळ झाली आणि उंची सुमारे सात इंचांनी घटली. १९२६ पासून गळ्यावर वारंवार शस्त्रक्रिया होऊनही ग्रंथीची गाठ सापडेना. १९३२ मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत ती छातीच्या पोकळीत आढळली. काही आठवड्यांतच कप्तानांचा मृत्यू झाला. १९७० नंतर पाश्चात्त्य देशांत रक्तातील कॅल्शियमची तपासणी नित्याची झाली आणि हा ‘दुर्मिळ’ विकार एकाएकी सामान्य ठरला. रोग तोच होता, तपासणी नवी होती. भारतात मात्र त्यानंतरही बरेच रुग्ण हाडे मोडल्यावर किंवा मूतखडे झाल्यावरच दवाखान्याची पायरी चढत राहिले.

पियुषिकेच्या बाबतीत हा मुद्दा आपल्या अधिक जवळ येतो. वाढीचे संप्रेरक पियुषिकेतून स्रवण्यासाठी मेंदूकडून जो संदेश येतो, तो ग्रहण करणाऱ्या जनुकातील दोष १९९६ साली एका भारतीय मुस्लिम कुटुंबात प्रथम सिद्ध झाला. तोच दोष पुढे सिंधमधील काही खेड्यांत आढळला. तेथील बाधित प्रौढ पुरुषांची सरासरी उंची सुमारे १३० सेंटिमीटर होती. श्रीलंकेतील एका तमिळ कुटुंबातही तो सापडला. मुंबईतील डॉ. मीना देसाई व सहकाऱ्यांनी २००५ साली पश्चिम भारतातील मुलांमध्ये याच जनुकातील दोषाचा अभ्यास प्रसिद्ध केला. नात्यातील विवाहांमुळे असा दोष एकाच कुळात पुन्हा पुन्हा उमटतो. अशा मुलांची बुद्धी सर्वसाधारण असते, शरीर प्रमाणबद्ध असते, आणि वेळीच संप्रेरकाची इंजेक्शने मिळाल्यास उंची वाढते. घरात मात्र ‘आमच्याकडे सगळेच बुटके’ एवढ्यावर विषय संपतो.

१९३७ साली ग्लासगो येथे शीहान यांनी बाळंतपणातील अतिरक्तस्रावानंतर पियुषिका निकामी होत असल्याचे दाखविले. अशा स्त्रीला दूध येत नाही, पाळी थांबते, थकवा हटत नाही. आपल्याकडे अशा तक्रारी ‘बाळंतरोग’ या एकाच शब्दात सामावल्या जात. अगदी असेच चित्र घोणसच्या दंशानंतर दिसते, हे १९८७ साली ब्रह्मदेशातील रुग्णांवरून ‘लॅन्सेट’मध्ये मांडले गेले, भारतातूनही अशा नोंदी झाल्या आहेत. विषामुळे ग्रंथीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात व रक्तस्राव होतो. काही रुग्ण तत्काळ कोसळतात, तर काहींत लक्षणे कित्येक वर्षांनी उमटतात.

ठाणे-रायगडच्या भातखाचरांना आणि जुईनगरमागील पारसिकच्या डोंगरउतारांना घोणस अपरिचित नाही. दंशातून वाचलेला माणूस ‘बरा झाला’ म्हणून घरी जातो. पुढे केस गळतात, थंडी सोसवत नाही, अंगातले बळ जाते, तेव्हा तो वेगळ्याच दवाखान्यात वेगळ्याच केसपेपरवर नोंदला जातो. उपचार म्हणजे स्टिरॉइडच्या व त्यानंतर थायरॉइडच्या स्वस्त गोळ्या, पण त्या आयुष्यभर. त्या सुरू होण्यासाठी आधी कोणीतरी विचारावे लागते : पूर्वी कधी साप चावला होता काय?