कुत्र्याची घोंगडी

सोफ्यावर कुत्र्याचे केस दिसले की आपल्याकडे घरोघरी जी बोलणी होतात ती तुम्हाला पाठ असतीलच. पण उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या सेलिश लोकांत हे केस म्हणजे घरची लक्ष्मी! १७९२ साली कॅप्टन व्हँकुव्हर तिथे पोचला, तेव्हा त्याला पॉमेरियनसारखी, पण अंगाने थोराड कुत्री दिसली. मेंढरासारखी चक्क भादरलेली! लोकर इतकी दाट, की कोपरा धरून उचलली तरी सुटत नसे. कुत्री बायकांच्या मालकीची. गावकुत्र्यांशी सोयरीक जुळू नये म्हणून त्यांना बेटांवर ठेवीत, मासे खाऊ घालीत. (आमच्या गल्लीतला पॉमेरियन दूधपोळीवर आहे.) केसांत डोंगरी बकऱ्यांची लोकर मिसळून घोंगड्या विणीत.

पुढे कंपनीच्या स्वस्त घोंगड्या आल्या आणि जात संपली, असे पुस्तके सांगत. इतके सोपे कुठले! देवीच्या साथींत माणसेच गेली. उरलेल्या बायकांचे विणकाम मिशनऱ्यांनी आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी बंद पाडले, असे तिथले वृद्ध सांगतात.

१८५९ साली मेलेल्या एका कुत्र्याचे कातडे तेवढे अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. नाव काय, तर ‘मटन’! २०२३ मध्ये त्याच्या जनुकांवरून कळले, की हा वंश हजारो वर्षांपूर्वीच वेगळा झाला होता. त्या अभ्यासात सेलिश वृद्धांच्या तोंडून आजी-पणजीच्या कुत्र्यांच्या हकिकतीही उतरवून घेतल्या आहेत.