पिठाच्या डब्याचा इतिहास



चातुर्मास आला की मला आधी पिठाचा डबा आठवतो. आपल्या दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7. नियम जीवदयेचा, पण आरोग्यही त्यात आलेच. दमट हवेत पिठाला कीड लवकर लागते आणि बाजरीचे पीठ तर ठेवल्याने कडू होते.

वर्ज्य पदार्थांची यादीही जुनी आहे. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त मुळा, ओले आले, लोणी यांचा त्याग सांगितला आहे. बटाट्याचे नाव तिथे नाही, कारण तो तेव्हा भारतात नव्हताच. दक्षिण अमेरिकेतला हा कंद पोर्तुगीजांच्या काळात इकडे आला, ‘बटाटा’ हा शब्दही त्यांचाच. नवा पदार्थ आला, पण श्रावकांनी तो कंदमुळाच्या जुन्या नियमानेच पारखला.

आपल्या चुलीवरचे बदल असेच झाले. ओल्या आल्याऐवजी सुंठ, बटाट्याऐवजी कच्ची केळी, पावसाळ्यात पालेभाजीऐवजी मूग-मटकी, थंडीत बाजरीची भाकरी आणि तीळ.

माझी सून नोकरी करते. रोज गिरणीत जाणे जमेना, तेव्हा “आता मर्यादा सोडायची का?” असे तिने विचारले. आम्ही घरघंटी घेतली. पावसाळ्यात दर तिसऱ्या दिवशी लागेल तेवढेच दळतो, ज्याचा हात रिकामा तो. बहुतेक वेळा मुलगाच दळतो.

तुमच्या घरी काय सोय केलीत, जरूर कळवा.