'मुस्तफा' कसा टिकला?

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने व्हिडिओ गेमवर बोलावं, याचं तुम्हाला हसू येईल. पण आमचा आजचा प्रश्न इतिहासाचाच आहे. यंत्र बंद पडलं की त्यातला खेळही संपतो का?

गेल्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी जिंतूरला घरी आला. चाळिशी ओलांडलेला. लॅपटॉप उघडून म्हणाला, "सर, ज्याच्यापायी तुम्ही आम्हाला वर्गाबाहेर काढलं होतं ना, तो हा मुस्तफा."

आपली पोरं ज्याला 'मुस्तफा' म्हणायची, त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला. मुस्तफा कैरो हे त्यातल्या चौघा नायकांपैकी एकाचं नाव. पण आपल्याकडे तो गडी एवढा आवडला, की अख्ख्या खेळालाच त्याचं नाव पडलं.

हा खेळ दुकानातल्या मोठ्या यंत्रासाठी केलेला होता. आत एक बोर्ड आणि बोर्डावर एक छोटी बॅटरी. खेळाची नक्कल होऊ नये म्हणून ठेवलेली काही गुप्त माहिती त्या बॅटरीच्या जोरावर टिकायची. बॅटरी संपली की माहिती पुसली जायची आणि बोर्ड नीट चालत नसे. म्हणजे यंत्राचं मरण यंत्रातच लिहिलेलं! त्यात कंपनीने हा खेळ पुढे कितीतरी वर्षं घरच्या यंत्रांसाठी काढलाच नाही. मग तो विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर आला कुठून?

इथे मोडीचं उदाहरण घेऊ. २०२३ मध्ये मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली. दप्तर होतं, पण वाचणारा नसेल तर ते मुकंच. खेळाचंही तसंच. बोर्डावरच्या चिपमधला मजकूर उतरवून घेता येतो, पण तो लिहिलेला असतो त्या जुन्या प्रोसेसरच्या भाषेत. आजचा संगणक ती जाणत नाही. एम्युलेटर हा तो मोडी वाचणारा. जुन्या यंत्राची एकेक आज्ञा तो वाचतो आणि तिचं काम नव्या यंत्राकडून करून घेतो, तेही जुन्याच वेगाने.

इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये 'मेम' नावाचा असा एम्युलेटर प्रसिद्ध केला. जुनी यंत्रं आतून कशी चालत होती याची नोंद ठेवणं, हा त्या प्रकल्पाचा मुख्य हेतू मानला जातो. खेळता येणं हा त्या नोंदीचा पुरावा. २०१६ पासून तो मुक्त परवान्याखाली आहे. मात्र एक लक्षात ठेवा, वाचणारा मुक्त झाला म्हणून पोथी मुक्त होत नाही. खेळाचा कॉपीराइट मालकाकडेच राहतो, आणि इंटरनेटवर फिरणाऱ्या बहुतेक प्रतींना त्याची परवानगी नसते. जतन आणि मालकी यांचं हे भांडण अजून मिटलेलं नाही.

आता पुन्हा विद्यार्थ्याकडे येऊ. 'मेम'मध्ये नाणं टाकायचं म्हणजे कीबोर्डवरचं ५ दाबायचं. तो दाबतच राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा खेळाच्या शेवटापर्यंत पोचला. लहानपणी खिशातले रुपये तिथवर कधी पुरलेच नव्हते. आम्हाला वाटलं, पठ्ठ्या खूश होईल. तो गप्प बसला. मग म्हणाला, "सर, मागं उभं राहून ओरडणारं कुणीच नाही."

आम्हाला उत्तर मिळालं ते तिथे. एम्युलेटरने खेळ वाचवला, खेळणं नाही. ते दुकान, मुठीतलं नाणं, पाठीमागची गर्दी कुठल्याच चिपमध्ये नव्हती. गेमचं दुकान म्हणजे पोरं वाया जायची जागा, असं तेव्हा आम्हीच सांगत होतो. त्यामुळे त्याची नोंद ठेवावी असं कुणालाच वाटलं नाही. ती चूक आमच्या पिढीची. तुमच्या गावात दुकान कुठे होतं, रुपयात किती वेळ मिळायचा, कोण पटाईत होता, हे आठवतंय तोवर लिहून काढा. ते काम कुठलाही एम्युलेटर करणार नाही.

इथेच थांबतो.