अणुद्रव्य शोधन
अणुद्रव्य शोधन : युरेनियम, प्लुटोनियम ही अणुइंधनाला किंवा अण्वस्त्राला लागणारी द्रव्ये त्यांच्या किरणोत्सर्गावरून ओळखण्याचे तंत्र. चोरट्या वाहतुकीला आळा घालण्यासाठी ते बंदरांवर, विमानतळांवर आणि पोलीस तपासात वापरले जाते.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण मे २०२१ मधले आहे. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने मुंबई परिसरात दोघांना अटक करून सुमारे ७.१ किग्रॅ. युरेनियम जप्त केले. भाभा अणुसंशोधन केंद्राने नमुना तपासून ते नैसर्गिक युरेनियम असल्याचे कळवले. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला आणि पुढचा तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. त्या वेळी बॉम्बची धास्ती पसरली, तिला आधार नव्हता. नैसर्गिक युरेनियमात स्फोटकास उपयोगी युरेनियम-२३५ (यु-२३५) हे समस्थानिक जेमतेम ०.७ टक्के असते. म्हणजे जप्त मालात ते ५० ग्रॅमच्या आसपास. अति-समृद्ध (यु-२३५ चे प्रमाण खूप वाढवलेल्या) युरेनियमातील २५ किग्रॅ. यु-२३५ हाती आले, तर अण्वस्त्राची शक्यता नाकारता येत नाही, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था मानते. तरीही असे द्रव्य विनापरवाना खुल्या बाजारात फिरावे, हीच चिंतेची बाब होती.

प्रत्येक समस्थानिकाच्या गॅमा किरणांना ठरावीक ऊर्जा असते. यु-२३५ ची खूण १८६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला दिसते. यु-२३८ च्या साखळीतील प्रोटॅक्टिनियमची १००१ ला. सोडियम आयोडाइडचा स्फटिक किरणांची चाहूल पटकन देतो. जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या काढायला मात्र अतिथंड ठेवलेला जर्मेनियम शोधक लागतो. प्लुटोनियममधून न्यूट्रॉनही बाहेर पडतात; ते टिपायला हीलियम-३ वायूच्या नळ्या वापरतात. फरश्या, खते, केळी यांतही नैसर्गिक किरणोत्सर्ग असतो. त्यामुळे बंदराच्या तपासणी-कमानीत निरुपद्रवी कंटेनरनेही घंटा वाजते आणि माल पुन्हा तपासावा लागतो.

या तंत्राची खरी मर्यादा शिसे आहे. अति-समृद्ध युरेनियमातून न्यूट्रॉन फार थोडे येतात आणि त्याचे १८६ चे किरण काही मिलिमीटर शिशातच बहुतांशी अडतात. म्हणजे सर्वांत धोकादायक मालच लपवायला सोपा. म्हणून कमानींवर विसंबून राहणे धोक्याचे. द्रव्य जिथे तयार होते, वापरले जाते, तिथला हिशेब चोख हवा. पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९७१ च्या भारत, अमेरिका आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्यातील करारानुसार त्या संस्थेच्या तपासणीखाली आल्या. अशा देखरेखीत इंधनाची मोजदाद, सील आणि कॅमेरे यांवर भर असतो. भारताने अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केलेली नाही. मात्र २००५ मध्ये महासंहारक अस्त्रांच्या प्रसाराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला.

हिशेब सुटला की काय होते, हे दिल्लीतील मायापुरीच्या भंगारबाजारात २०१० मध्ये दिसले. लिलावात विकलेल्या जुन्या प्रयोगशाळा-यंत्रातील कोबाल्ट-६० तिथे उघडे पडले. ते अण्वस्त्राचे द्रव्य नव्हते, तरी त्याच्या किरणोत्सर्गाने एका कामगाराचा मृत्यू झाला आणि इतर काहींना इजा झाली.