पापावस्था (तारणापूर्वीची)

ख्रिस्ती धर्मविचारानुसार देवाच्या कृपेने तारण होण्याआधी माणूस ज्या स्थितीत असतो ती स्थिती. मूळ पाप, आदिपाप आणि पतन हे तिच्याशी जोडलेले शब्द. मराठी ख्रिस्ती मंडळीत या स्थितीला नुसते ‘पाप’ म्हणतात, आणि मराठी वाचकाची अडचण इथेच सुरू होते. आपल्या बोलण्यात पाप म्हणजे हातून घडलेले कृत्य. त्याचा घडा भरतो, ते फेडावे लागते, पुण्याने त्याची भरपाई होते. ख्रिस्ती अर्थाने पाप हे कृत्याच्याही आधीचे आहे. देवाशी असलेले नाते तुटले, आणि त्या तुटलेपणातून खोटे, लोभ, हिंसा उगवत राहिली, असा हा विचार. म्हणून पुण्याची कितीही भर घातली तरी हा हिशेब जुळत नाही. नव्या करारातल्या ‘पाप’ या अर्थाच्या ग्रीक शब्दामागेही नेम चुकण्याची कल्पना आहे.

या विचाराचा आधार उत्पत्तीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. वर्ज्य केलेले फळ खाल्ल्यावर आदाम आणि हव्वा झाडांआड लपतात. देव हाक मारतो, तेव्हा आदाम बायकोकडे बोट दाखवतो आणि ती सापाकडे. फळ खाण्याइतकेच हे लपणे आणि दुसऱ्यावर ढकलणे लक्षात घ्यायला हवे. पापावस्थेचे याहून नेमके चित्र बायबलात क्वचितच सापडेल. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आदामापासून आलेला मृत्यू आणि ख्रिस्तापासून आलेले जीवन समोरासमोर ठेवले. पुढे उत्तर आफ्रिकेतल्या संत ऑगस्टीनने पेलाजियसशी वाद घालताना त्यातून मूळ पापाचा सिद्धांत घडवला. माणूस स्वतःच्या बळावर निष्पाप राहू शकतो, हे पेलाजियसपंथीयांचे मत कार्थेजच्या परिषदेने 418 साली नाकारले.

पंथांचे एकमत इथपर्यंतच. कॅथलिक शिकवणीनुसार बाप्तिस्म्याने मूळ पाप धुतले जाते, पण पापाकडची ओढ उरते. ट्रेंटच्या परिषदेने 1546 साली हे ठरवून दिले. प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेत माणसाची बुद्धी, इच्छा आणि भावना या सगळ्यांना पापाची लागण झालेली असते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या आदामाचा दोष वारशाने येतो असे मानत नाहीत. येते ती मर्त्यता. मात्र देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवले ही गोष्ट कोणताच पंथ सोडत नाही. पापी माणूस कवडीमोल ठरत नाही. मोलाचा आहे म्हणूनच त्याचे हरवणे गंभीर.

मराठीत ही कथा पहिल्यांदा विस्ताराने सांगितली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी, 1616 सालच्या ‘ख्रिस्तपुराणा’त. पैठणच्या एकनाथांनी ज्या ओवीत भागवत मराठीत आणले, त्याच छंदात एका इंग्रज जेझुइटाने आदामाचे पतन सांगितले. ‘पतित’ आणि ‘पतितपावन’ हे शब्द वारकऱ्यांच्या तोंडी होतेच. स्वतःला पतित म्हणवून देवापुढे उभे राहण्याची वाट संतांनी रुळवलेली होती. कवी नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानत.

छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबाद) परिसरात या शिकवणीची खरी कसोटी जालन्याजवळ लागली. जालना 1981 पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच होते. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण नारायण शेषाद्री यांनी तिथे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडतर्फे काम उभारले आणि बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तिथे आलेल्यांत मांग समाजाची माणसे मोठ्या संख्येने होती. गावाने त्यांना जन्मापासून अपवित्र ठरवून वेशीबाहेर ठेवलेले. अशा माणसांना ‘तुम्ही जन्मतः पापी आहात’ हे सांगणे म्हणजे जुन्याच जखमेवर मीठ चोळणे नव्हते का? हा प्रश्न टाळून चालणार नाही. शिकवणीतच त्याचे उत्तर आहे, पण ते पूर्ण सांगितले तरच. गावाचा विटाळ काहींनाच चिकटत होता. पौलाच्या पापातून कोणीच सुटत नाही. उपदेश करणारा ब्राह्मण आणि ऐकणारा मांग एकाच आरोपाखाली, एकाच कृपेच्या दारात उभे. ज्या मंडळीत ही बरोबरी फक्त प्रवचनापुरती राहिली, तिथे सिद्धांताचा अर्धा भाग हरवला, असेच म्हणावे लागते. मराठी ख्रिस्ती समाजातून आलेले धर्मपंडित अरविंद निर्मळ यांनी 1981 साली बंगळुरात मांडलेल्या विचारांपासून दलित ईश्वरविज्ञानाची चर्चा सुरू झाली. त्या प्रवाहाने पापाचा दुसरा पैलू पुढे आणला : ज्यांच्यावर पाप केले गेले त्यांची वेदना आणि व्यवस्थेत मुरलेले पाप.

व्यक्तीच्या अनुभवातून ही अवस्था पाहायची तर पंडिता रमाबाईंची साक्ष वाचावी. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे काही वर्षांनी, विधवांसाठी काढलेले शारदा सदन चालवत असताना, विल्यम हॅसलम या धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. चर्चमध्ये उपदेश करत असतानाच ज्याचे स्वतःचे परिवर्तन झाले, असा हा माणूस. ते वाचून रमाबाईंच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिला. विधवांसाठी घरदार उघडणारी, संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेली ही बाई स्वतःला असहाय पापी म्हणते, तेव्हा ‘पाप म्हणजे वाईट वर्तन’ ही व्याख्या अपुरी पडते. 1905 च्या जूनमध्ये त्यांच्याच केडगावच्या मुक्ती सदनात मुली रडून आपापली पापे कबूल करू लागल्या. त्या जागृतीची बातमी देशोदेशी पोचली.

आजच्या उपासनेत ही शिकवण शरीरानेही पाळली जाते. संभाजीनगरच्या संत फ्रान्सिस दि सेल्स कॅथेड्रलसारख्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्साच्या आरंभी भाविक आपल्या अपराधाची कबुली देताना मूठ छातीवर टेकवतात, आणि राखेच्या बुधवारी आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावतात. कॅथलिकांची ही कबुली ‘मी’ म्हणून असते. अँग्लिकन परंपरेतून आलेल्या मंडळ्यांत ती ‘आम्ही’ म्हणून होते, आणि पाळक लोकांबरोबर तीच वाक्ये म्हणतो. पेंटेकॉस्टल सभांत मात्र एकेक जण उठून साक्ष देतो : तारणाआधी मी कसा होतो. दारूचे, मारहाणीचे, घर मोडल्याचे तपशील त्यात असतात, आणि पुष्कळदा बोलणाऱ्याची बायको तिथेच, बायकांच्या बाजूला बसलेली असते.