तीन वर्षांचा रोखा

रोख्याची तीन वर्षे भरत आली की सावकाराचे बोलावणे यायचे. कूळ दुकानाच्या ओट्यावर बसायचे, मागचे व्याज मुदलात मिळवून नवा कागद लिहिला जायचा आणि अक्षरशत्रू कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी पडायची. कर्ज जुनेच, मुदत मात्र नवी.

या रिवाजाला जोर आला तो 1859 च्या मुदतीच्या कायद्याने. नोंदणी नसलेल्या रोख्यावर दावा लावायचा तर तीन वर्षांच्या आत, असे त्यात ठरले. सावकाराने जुनाट कर्जे उकरून काढू नयेत, हा हेतू चांगलाच होता. पण मुदत बुडू नये म्हणून सावकार दर तीन वर्षांनी रोखा बदलून घेऊ लागला. हिशेब मांडून पाहावा: शंभर रुपये, शेकडा 24 व्याज. सरळ व्याजाने नऊ वर्षांत 316 होतात; दर तीन वर्षांनी रोखा बदलला तर 508 च्या वर जातात. व्याज मुदलापेक्षा जास्त वसूल करू नये, हा दामदुपटीचा जुना नियमही इथे निकामी ठरे, कारण नव्या रोख्यात मुद्दलच फुगलेले असे. कुळाच्या रक्षणासाठी आणलेली मुदत कुळाच्याच गळ्याशी आली.

नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगराळ पश्चिम भागात सावकारीचा जाच त्याआधीही होताच. देवगावच्या राघोजी भांगरे यांनी 1840 च्या दशकात सावकार आणि इंग्रज सरकार दोघांविरुद्ध बंड केले. 2 मे 1848 रोजी त्यांना ठाण्यात फाशी झाली.

पुढे 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत पोहोचला. जमावाला हवे होते ते रोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे. हाती लागले ते जाळले गेले. लोकांना दुखणे नेमके कळले होते. सरकारी चौकशीतही दिसले की बहुतेक दावे एकतर्फीच निकाली निघत, कारण कूळ कोर्टात फिरकतच नसे.

त्यातून आला 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला, म्हणजे अकोल्यालाही. नोंदणी केलेल्या रोख्याची मुदत 12 वर्षे झाली, इतर कर्जांची सहा. शेतकऱ्यावर दावा लावण्याआधी तडजोड करून देणाऱ्या कन्सिलिएटरकडे जाणे भाग पडले. तडजोड जमली तर दावा उभाच राहत नसे. फिसकटली तर दाखला घेऊन कोर्टाची पायरी चढायची, आणि कन्सिलिएटरकडे गेलेला काळ मुदतीत धरला जात नसे. न्यायाधीशाला रोख्यामागचा सगळा व्यवहार मुळापासून तपासावा लागे, हप्ते बांधून देता येत. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणेही बंद झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1887 पासून खास न्यायाधीश म्हणून या कायद्याच्या अंमलावर देखरेख केली.

आजच्या दिवाणी कोर्टात रानड्यांच्या काळातले फार थोडे उरले आहे. 1908 च्या संहितेप्रमाणे वादीला दावा काढून घेता येतो. कोर्टाने मुभा दिली तर त्याच कारणावर पुन्हा लावताही येतो. 2002 पासून सुनावणी सुरू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत, लेखी कैफियत 30 दिवसांत, फार तर 90 दिवसांत द्यावी, असे नियम आले. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 90 दिवसांची अट अपवादात्मक प्रसंगी शिथिल करता येते असे ठरवले. ते योग्यच झाले. ज्याला वकील गाठायलाच दोन महिने लागतात, त्याच्यासाठी तेवढी फट उघडी राहायला हवी.

अकोल्यात कुणाच्या माळ्यावर, पेटीच्या तळाशी निशाणी नांगर असलेला रोखा निघाला, तर तो रद्दीत घालू नका. आधी त्यावरची तारीख वाचा, आणि मग त्याच्या आधीचा रोखा शोधा.